राहुरीला पाठवलेला माणूस

निंबदरा, ता. राहुरी
५ जानेवारी २०२५

चि. सायली,
सप्रेम जयभीम.

तुझा नवा पत्ता मिळाला. माझ्या वहीत तुझ्या नावापुढे आता सात पत्ते आहेत आणि त्यांतले सहा खोडलेले आहेत. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मला वाटलं होतं, या वहीत याहून जास्त खाडाखोड व्हायची नाही. यापुढे तुझा पत्ता मी पेन्सिलीने लिहिणार आहे.

आधी पुण्यातली ती गाडी लावायला जागा शोधून देणारी कंपनी. ती सात महिन्यांत बंद पडली. मग लोकांची कुत्री फिरवायला माणसं पाठवणारी. ती बंद पडली तेव्हा तुझी मामी म्हणाली की ज्याला स्वतःचं कुत्रं फिरवायला होत नाही त्याच्या भरवशावर धंदा काढलाच कशाला. मग ती मोठी परदेशी कंपनी, जिथे दोन वेळचं जेवण आणि दुपारी आडवं व्हायला खोली होती. तिथे चार वर्षं काय केलंस असं मी विचारलं, तर तू म्हणालीस की एका बटणाचे कोपरे गोल केले. ही गोष्ट मी गावात कोणाला सांगितलेली नाही.

आता पुन्हा लहान कंपनी. लोक मला थांबवून विचारतात, गुरुजी, भाचीला काढलं का? मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापक होतो. तरी माझी भाची नेमकं काय करते हे मला सांगता येत नाही. ते तू पाच ओळींत लिहून पाठव. कोणतीही गोष्ट पाच ओळींत सांगता येते.

उत्तर मोबाईलवर नको. त्यावर लाल शाई उठत नाही. तुझं मागचं पत्र तपासून सोबत पाठवतो आहे. चार चुका आहेत, त्यांतल्या दोन जुन्याच.

तुझा मामा,
कोंडीराम


बेंगळुरू
१६ जानेवारी २०२५

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

मला काढलेलं नाही. मीच सोडलं. मोठ्या कंपनीत बटणाचा एक कोपरा गोल करायला नऊ बैठका व्हायच्या. चौथ्या कोपऱ्याला मी कंटाळले. तुम्ही मागितलेल्या पाच ओळी अशा:

लोक मोबाईल वापरताना कुठेतरी अडतात.
ते कुठे अडतात ते मी बघते.
मग ती जागा बदलते.
मग पुन्हा बघते.
मग कंपनी बंद पडते.

पाचवी ओळ या वेळी खरी होऊ नये, म्हणून तुमची मदत हवी आहे. आमच्या ॲपचं नाव 'हंबर'. गाय-म्हैस आजारी पडली की मालकाने मोबाईलवर नोंद करायची आणि जवळच्या डॉक्टरला निरोप जायचा. ते कसं दिसावं, कुठे काय दाबावं, हे सगळं मी आणि माझी सहा माणसं ठरवतो. उन्हाळा संपायच्या आत शेतकऱ्यांना ते नीट वापरता आलं नाही, तर आम्हा सातही जणांची नोकरी जाईल. मामा, चौथ्यांदा सामान बांधायची माझ्यात ताकद नाही.

माझा सहकारी ओंकार १० फेब्रुवारीला निंबदऱ्याला येईल. जनावरं असलेली दहा माणसं जमवाल का? तो त्यांच्या हातात मोबाईल देईल आणि ते काय करतात त्याचं चित्रीकरण करेल.

एकच अट आहे. त्यांना आधी काहीही सांगायचं नाही. मला अडणारी माणसं हवी आहेत.

मामीला सांगा, कुरडयांचा डबा संपला.

तुमची,
सायली


निंबदरा
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सायली,
सप्रेम जयभीम.

कळवायला अत्यंत आनंद होतो की तपासणी निर्विघ्न पार पडली. दहापैकी दहा.

ओंकार साहेब सकाळी नऊला आले. शाळेच्या पडवीत सतरंजी टाकली होती. दहाही जण आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, ओळीत बसलेले. साहेबांनी प्रत्येकाला एकेक करून बोलावलं. कोणीही अडलं नाही, कोणी इकडेतिकडे पाहिलं नाही. बनुबाई सत्तर वर्षांची आहे, तिने आयुष्यात मोबाईल फक्त कानाला लावलेला. पण तिने असं धडाधड दाबलं की साहेब तिच्या तोंडाकडे बघत राहिले. काम झाल्यावर प्रत्येकाने उभं राहून 'धन्यवाद, साहेब' म्हटलं.

साहेबांनी मला विचारलं, यांना आधी काही सांगितलं होतं का? मी म्हणालो, निंबदऱ्याची माणसं मुळातच हुशार आहेत.

तुझा वर्गसोबती गोरक्ष याचीही यायची फार इच्छा होती. त्याच्याकडे गावात सर्वांत जास्त गाई आहेत. पण तो नेमका त्याच दिवशी काही कामासाठी राहुरीला गेला होता.

'अडणारी माणसं हवीत' असं तू लिहिलं होतंस. तुझा विनय मला आवडला. पण आपल्या घरच्या मुलीचा प्रश्न असताना गाव अडून कसं राहील?

ओंकार साहेबांना हुरडा आवडला. जाताना दोन किलो बांधून दिला.

तुझा मामा,
कोंडीराम

ता. क. चुका तीन. सुधारणा आहे.


बेंगळुरू
२७ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. जिथे लोकांना दोन-दोन मिनिटं लागतील असं आम्ही धरलं होतं, तिथे निंबदऱ्याच्या माणसांना सरासरी अकरा सेकंद लागले. आमचे मालक राधाकृष्ण यांनी ते चित्रीकरण चार वेळा पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. खरं सांगते, मी घरी येऊन रडले.

ओंकारला मात्र काहीतरी खटकतंय. तो म्हणतो, दहाही जणांनी एकाच बोटाने, एकाच चालीत दाबलं आणि बनुबाई दाबताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मी त्याला म्हटलं, म्हातारी माणसं पुटपुटतातच. तो हुरडा अजून खातोय, त्यामुळे फार वाद घालत नाही.

राधाकृष्णांना आता इतका धीर आलाय की मेपर्यंत थांबायचं सोडून त्यांनी १ एप्रिललाच ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरवलं आहे. मी थोडी रंगरंगोटी केली आहे आणि दोन-तीन बटणांच्या जागा बदलल्या आहेत. तुमच्या लोकांना त्यात काय अवघड?

तुमची,
सायली


निंबदरा
६ एप्रिल २०२५

चि. सायली,
सप्रेम जयभीम.

हे पत्र शांतपणे वाच. गावातलं एकही जनावर मेलेलं नाही.

१ एप्रिलला मी उद्घाटनाचा छोटा कार्यक्रम ठेवला होता. ओंकार साहेबांनी तपासणीसाठी दिलेल्या ॲपवर सर्व जनावरांची नोंद आदल्या आठवड्यातच करून घेतली होती. दुपारी चार वाजता सगळे आपापले मोबाईल घेऊन पडवीत बसले. मी शिट्टी वाजवली आणि सर्वांनी एकदम दाबलं. पहिल्या जनावरासाठी एक शिट्टी, दुसऱ्यासाठी दुसरी, अशा क्रमाने.

तासाभरात ओंकार साहेबांचा फोन आला की निंबदऱ्यात कोणती साथ आली आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून जीप आली. त्यातून तोंडाला फडकी बांधलेले चार जण उतरले, सोबत चुन्याच्या गोण्या. त्यांच्याकडच्या यादीत सत्तेचाळीस मेलेली जनावरं होती. त्यांत बनुबाईची म्हैस तिसऱ्या क्रमांकावर. बनुबाई म्हशीला ओढत थेट जीपपुढे घेऊन आली आणि म्हणाली, "ही मेली म्हनता, तर सकाळी तीन लिटर कुनी दिलं?" साहेब लोकांनी दिवसभर गोठ्यागोठ्यांत जाऊन प्रत्येक जनावर जिवंत असल्याचा पंचनामा केला. चहा आम्ही दिला.

आता चूक कोणाची ते पाहू. जिथे 'डॉक्टर बोलवा' असं हिरवं बटण होतं, तिथे तू 'जनावर आता नाही' हे बटण ठेवलंस आणि तेही हिरवंच. भरल्या घरात उंबरा उचलून दुसरीकडे ठेवला तर माणसं ठेचकाळणारच. माणसांनी ठरल्याप्रमाणे दाबलं. यात निंबदऱ्याचा काही दोष आहे असं मला वाटत नाही.

तुझा मामा,
कोंडीराम

सायली, मी तुजी मामी, भिमाबाई. हे पोस्टाची तिकिटं आनाया गेल्यात, तवर चार वळी लिहिते. ह्यांचं सगळंच खरं मानू नको. तपासनीआधी चार दिस त्यांनी शाळंत वर्ग घेतला. फळ्यावर रंगीत खडूनं मोबाईल काढला हुता. हिरवं, हिरवं, निळं, खाली वढा, हिरवं, असं समद्यांकडनं पाठ करून घेतलं. बनुबाई झोपंत बी तेच म्हनती. गोरक्षला काय केल्या जमंना, तर त्याला तपासनीच्या दिशी कांद्याचं बी आनाया राहुरीला धाडला. माघात कांद्याचं बी कोन आनतं? पर त्यो गेला बिचारा, गुरुजी म्हनले म्हनून. पाकीट मीच चिकटवते. कुरडया येगळ्या धाडते.


बेंगळुरू
१५ एप्रिल २०२५

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

मामीवर रागावू नका. तिने पत्राखाली चार ओळी लिहिल्या नसत्या तर मी अजून निंबदऱ्याच्या हुशारीवर भाषणं देत बसले असते.

१ एप्रिलला दुपारी आमच्या भिंतीवरच्या नकाशात, जिथे मेलेल्या प्रत्येक जनावरामागे एक काळा ठिपका उमटतो, निंबदरा हळूहळू काळा पडत गेला. राधाकृष्णांनी गाय जवळून कधी पाहिलेली नाही, तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना काय सांगणार होते? माझ्या मामाने शिट्टी वाजवली म्हणून? ते हिरवं बटण माझीच चूक आहे, ती मी सगळ्यांसमोर कबूल केली. मरणाची गोष्ट लाल रंगात दाखवू नये म्हणून मी ती हिरव्या रंगात ठेवली. एवढं शहाणपण मला शहरात मिळालं. पण फेब्रुवारीत एक जरी माणूस खरोखर अडला असता, तरी ही चूक मला तेव्हाच दिसली असती.

आता राग येतोच आहे तर दुसरी गोष्टही लिहिते. ही मी सव्वीस वर्षं कोणाला सांगितलेली नाही.

आईबाबा नोकरीपायी नाशिकला आणि मी तुमच्याकडे शिकायला होते, तेव्हाची. तिसरीत होते मी. शाळेची तपासणी होती. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला आणि गोरक्षला थांबवून घेतलंत आणि म्हणालात, उद्या पोट दुखतंय म्हणून घरी राहा. मला बाराचा पाढा येत नव्हता, त्याला वाचता येत नव्हतं. आम्ही दोघं दिवसभर ओढ्याच्या काठावर बसलो. शाळेतून पाढ्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आपण नाही म्हणून आज शाळा किती छान चालली आहे. मामा, मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

जानेवारीत मी तुम्हाला पाच ओळी लिहिल्या. खरं तर एकच पुरेशी होती. ज्याला घरी बसवलंय त्याला बोलावून आणणं, हे माझं काम आहे. आणि तुम्ही त्यालाच पुन्हा राहुरीला पाठवलंत.

राधाकृष्णांनी मला मेअखेरपर्यंत शेवटची मुदत दिली आहे. मला दहा माणसं नकोत. मला गोरक्ष हवा. आधी काहीही न शिकवता, त्याच्याच गोठ्यात, त्याच्याच गाईपाशी. तो अडेल तिथे तुम्ही गप्प बसायचं आणि फक्त लिहून घ्यायचं. गप्प बसणं जमणार नसेल तर आत्ताच कळवा.

तुमची,
सायली


निंबदरा
४ मे २०२५

चि. सायली,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्रात एकही चूक नव्हती. मी तीनदा पाहिलं.

उत्तराला उशीर झाला, कारण दोन आठवडे काय लिहावं ते सुचत नव्हतं. तुझ्या मामीने तर माझ्याशी बोलणंच सोडलं होतं. बोलली ती एवढंच की मास्तर झालात म्हणून पोरीच्या पोटात कधी दुखायचं तेही तुम्हीच ठरवणार का? त्या तपासणीत शाळेला उत्तम शेरा मिळाला होता. त्या शेऱ्याचा मला इतकी वर्षं अभिमान होता. तो आता राहिला नाही. मी चुकलो, सायली.

परवा गोरक्षकडे गेलो. तो गव्हाणीत वैरण टाकत होता. मी सगळं सांगितलं, चल म्हणालो. त्याने हातातली पेंढी खाली ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, तवा तपासनीला घरी बसवलं, परवा राहुरीला धाडलं. आता काय नापास व्हाया बोलावताय व्हय?"

मी म्हणालो, "हो. त्यासाठीच आलोय."

तो हसायला लागला. म्हणाला, नापास व्हायचं असंल तर आपल्याइतका पक्का गडी तालुक्यात न्हाई.

योगायोगाने काल सकाळीच त्याच्या हरणी गाईची कास सुजली. मी टाचणवही घेऊन गोठ्यातल्या दगडावर बसलो. त्याचे हात ओले, शेणाने भरलेले. बोट लावलं की मोबाईल काही ऐकेना. हात सदऱ्याला पुसले, पुन्हा ओले झाले. मग ॲपने त्याला हरणीच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर विचारला. तो कानाशी वाकला की हरणी मान झटकायची. तीन वेळा त्याने मोबाईल शेणात पाडला. मग 'लक्षण निवडा' असं आलं आणि खाली सोळा ओळी. त्याला अजून सलग वाचता येत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी तिसरीत पाहायचा तसंच. मला सगळं येत होतं, सायली. नुसतं बोट दाखवायचं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि जीभ दातांत धरली. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला एवढं अवघड काम पडलं नव्हतं.

बावीस मिनिटांनी तो वैतागला आणि मोबाईल तोंडासमोर धरून त्याच्यावरच ओरडला: "आरं, हरणीच्या कासंला दगडी झालीया, डाव्या अंगाचा म्होरला सड, दूध फुटकं येतंय, डॉक्टरला धाड की लवकर."

रोग, जागा, लक्षण, घाई, सगळं त्याने एका दमात सांगितलं होतं. मोबाईलला मात्र त्यातलं काही समजलं नाही. मग मी साधा फोन करून डॉक्टर बोलावला. हरणी बरी आहे.

तो अकरा ठिकाणी अडला. टाचण सोबत जोडलं आहे. मी त्याला काहीही सांगितलं नाही, याला तुझी मामी साक्षीदार आहे. ती मुद्दाम पहाऱ्याला बसली होती.

तुझा मामा,
कोंडीराम


बेंगळुरू
२० जून २०२५

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

तुमच्या टाचणाची पानं आमच्या भिंतीवर लावली आहेत, नकाशाच्या शेजारी. 'येथे गडी घामाघूम' असा शेरा आमच्यापैकी कोणालाही सुचला नसता.

सोळा ओळी काढून टाकल्या. बारा आकडे काढून टाकले, त्यांच्याऐवजी गाईचं नाव चालतं. आता ॲप उघडलं की सगळ्या पडद्यावर एकच बटण येतं. ते कोपराने दाबलं तरी चालतं. दाबायचं आणि गोरक्ष ओरडला तसं बोलायचं, की निरोप डॉक्टरकडे जातो. त्या बटणाचे कोपरे गोल आहेत, मामा. माझी चार वर्षं अगदीच फुकट गेली नाहीत.

ओंकार ते घेऊन शेवगावकडे गेला होता, दहा अनोळखी माणसांकडे. दहापैकी तीन जण अडले, तिघंही वेगवेगळ्या ठिकाणी. आम्ही ऑफिसात टाळ्या वाजवल्या. असा निकाल खरा असतो. पुढच्या आठवड्यात त्या तीन जागा बदलतोय. आमच्या सातही नोकऱ्या वाचल्या.

आता एक गोष्ट सांगते, पण हसू नका. एका मोठ्या कंपनीने 'हंबर' विकत घेतलं, आमच्यासकट. त्यामुळे पुन्हा मोठी कंपनी, पुन्हा नऊ बैठका. पहिल्याच बैठकीत मी सांगून टाकलं की वर्षातून दोनदा मी गोठ्यात जाऊन बसणार. नवा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

तुमच्यावर राग उरलेला नाही. थोडा होता, तो बावीस मिनिटांचं वाचून गेला.

तुमची,
सायली


निंबदरा
२९ जून २०२५

चि. सायली,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. मामीने गल्लीत पेढे वाटले. कोणी विचारलं की मी आता सांगतो, माझी भाची माणसं कुठे अडतात ते बघते. लोकांना लगेच समजतं. एवढी वर्षं उगीच लपवलं.

बनुबाईची एक तक्रार आहे. ॲपमध्ये तिची म्हैस अजून मेलेलीच आहे. काल ती त्या बटणावर अर्धा तास बोलली, पण म्हैस काही जिवंत होईना. यावर काहीतरी कर, ती रोज माझ्या दारात येऊन बसते.

पेटीतून १९९९ सालची टाचणवही काढली. तपासणीच्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: पट २९, हजर २७, आजारी २. त्यातलं 'आजारी' लाल शाईने खोडलं आणि वर लिहिलं, 'मी घरी बसवले.' खाली सही केली आणि आजची तारीख घातली. मग ती वही घेऊन गोरक्षच्या गोठ्यात गेलो. त्याला मी ते पान वाचून दाखवलं. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावून स्वतः पुन्हा वाचली. वेळ लागला. मी गप्प बसलो होतो.

वाचून झाल्यावर म्हणाला, "सायलीला बी कळवा."

म्हणून कळवतो आहे.

तुझा मामा,
कोंडीराम

ता. क. नवा पत्ता वहीत लिहून घेतला. पेन्सिलीनेच.